अंजनीवरचा चापडा आणि टाकीचा नळ: एका दंशाचं प्रकरण

पार्श्वभूमी

सिंधुदुर्गातल्या घाटमाथ्यावर, साधारण 700 मीटर उंचीवर एक छोटा होमस्टे आहे. पाच खोल्या, मागच्या बाजूला ओहोळ, खोल्यांपासून न्हाणीपर्यंत जांभ्या चिऱ्यांची पायवाट आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना अंजनीची झुडपं. होमस्टे चालवणाऱ्या दांपत्याला मी दादा-वहिनी म्हणतो. धुणीभांडी आणि झाडलोट करायला एक मावशी येतात. गाव आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. बाकी जे घडलं ते असं.

जुलैचे पहिले दिवस. पाऊस धरून लागलेला. रात्री नऊच्या सुमारास न्हाणीकडे निघालेल्या एका पाहुण्याच्या टॉर्चमध्ये, वाटेपासून हातभर अंतरावर, अंजनीच्या फांदीवर गुंडाळून बसलेला साप दिसला. तपकिरी अंग, त्यावर गडद नागमोडी पट्टे, मधेमधे पिवळसर ठिपके. वहिनींचा फोन आला तो एवढाच, "फुरसा आसा, बेगीन येवा."

मागोमाग फोटो आला आणि फुरसं नाही हे लगेच कळलं. फुरसं जमिनीवरचं जनावर. दगडाखाली, पालापाचोळ्यात सापडतं, आणि डिवचलं तर अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज काढतं. फोटोतला साप मांडीइतक्या उंचीवर होता, शेपटीने फांदीला विळखा घातलेला, आणि डोळा व नाकपुडीच्या मधोमध एक खोलगट खळगा स्पष्ट दिसत होता. हा मलबार चापडा, झाडाझुडपांवर राहणारा विषारी साप.

हे जनावर कसं जगतं

प्रकरणातला प्रत्येक निर्णय या सापाच्या सवयींवर उभा होता, म्हणून इथे जरा थांबावं लागेल.

मलबार चापडा फक्त पश्चिम घाटात सापडतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. जर्डन या इंग्रज डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने 1854 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लांबी मीटरच्या आसपास. रंगाच्या बाबतीत मात्र नेम नाही. हिरवा, तपकिरी, पिवळा, केशरी छटेचा, कधी निळसर झाक असलेला. एकाच ओहोळावर दोन-तीन रंगांचे चापडे सापडतात आणि बघणाऱ्याला त्या वेगवेगळ्या जाती वाटतात. हिरवा दिसला की लोक 'चापडा' म्हणतात, तपकिरी दिसला की 'फुरसं' किंवा 'घोणस'. या प्रकरणाची अर्धी गुंतागुंत या नावांत आहे.

चापडा अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. बेडूक, पाली, सरडे, उंदीर, एखादा छोटा पक्षी हे त्याचं खाणं. ते मिळवायला तो हिंडत नाही. मोक्याची जागा धरतो आणि बसतो. एक दिवस, चार दिवस, कधी आठवड्याहून जास्त. अशा सापाला ऊर्जा फारच थोडी लागते. एक भरपेट बेडूक मिळाला तर पुढचे कितीतरी दिवस निभावतात. त्यामुळे 'हलत नाही म्हणजे आजारी असणार' हा लोकांचा अंदाज जवळजवळ नेहमी चुकतो. वहिनींनीही चौथ्या-पाचव्या दिवशी विचारलंच, "थयच बसलो हा. आजारी बिजारी नाय मां?"

डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला तो खळगा म्हणजे उष्णता टिपणारं इंद्रिय. आत एक पातळ पडदा ताणलेला असतो आणि चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या त्यात पसरलेल्या असतात. तापमानातला अंशाच्या काही हजाराव्या भागाइतका फरकही त्याला जाणवतो. 2010 साली रॅटलस्नेकवरच्या संशोधनातून कळलं की हे काम टीआरपीए-1 नावाचं प्रथिन करतं. गंमत अशी की मोहरी फेसताना आपल्या नाकात जी झणझण चढते, ती याच प्रथिनाच्या आपल्याकडच्या आवृत्तीमुळे. आपल्याला जे झोंबतं त्यावर साप अंधारात उंदीर हेरतो.

आणखी एक गोष्ट, या प्रकरणापुरती सगळ्यात महत्त्वाची. चापडा पळत नाही. धामण माणसाची चाहूल लागताच सुटते, नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. चापड्याचा सगळा भरवसा न दिसण्यावर. तुम्ही जवळ याल, आणखी जवळ याल, तो तसाच राहील. हात अगदी भिडला की मगच झडप.

अडचण आणि पर्याय

न्हाणीची वाट दिवसातून वीस-पंचवीस वेळा वापरात. पाहुणे शहरातले, त्यांच्यात दोन लहान मुलं. मारून टाकावं असं दादांच्या धाकट्या भावाचं मत होतं आणि त्याने काठी आणलीही होती. ते तिथेच थांबलं. त्यात वहिनींचा वाटा माझ्याहून मोठा. "पाहुणे हे बघूक तर येतत," असं त्या दिराला ठणकावून म्हणाल्या. खरंच होतं. पावसाळ्यात रात्री बेडूक आणि साप बघायला येणारे लोक हाच या भागाचा एक मोसम झाला आहे.

उरले दोन रस्ते. उचलून लांब जंगलात सोडणं, किंवा आहे तिथे राहू देऊन माणसांची ये-जा बदलणं.

लांब सोडणं सोपं वाटतं आणि सगळ्यांचं समाधान करतं. पण वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं, त्यामुळे वनखात्याला विचारल्याशिवाय साप उचलून नेणं हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय सापाच्या दृष्टीने ते भलं नसतं. अमेरिकेत रॅटलस्नेकांना रेडिओ ट्रान्समीटर बसवून केलेला एक अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. नव्या जागी नेऊन सोडलेले साप मूळच्या सापांपेक्षा जास्त भटकले आणि कितीतरी जास्त मेले. दबा धरून बसणाऱ्या सापाला आपल्या जागा माहीत असतात: बेडूक कुठे येतात, ऊन कुठे पडतं, लपायला कुठे जायचं. ते सगळं काढून घेतलं की तो उघडा पडतो. आणि इथली बेडकांची जागा रिकामी झाली की दुसरा चापडा येऊन बसतोच.

वनरक्षकांना फोन केला, फोटो दाखवला. त्यांचंही मत राहू द्यावं असंच पडलं. पाहुण्यांना मागच्या दाराने न्हाणीकडे पाठवायचं ठरलं.

काय केलं

अंजनीभोवती सुतळी ताणली, पाटी लावली, वाट बंद केली. मी रोज तीनदा जाऊन नोंद करायचो: सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच. त्याच्या डोळ्यामागचा गडद पट्टा एका ठिकाणी तुटलेला होता. त्या खुणेवरून हा साप पुन्हा ओळखता येईल म्हणून डोक्याचे दोन्ही बाजूंनी फोटो घेऊन ठेवले. ही एक गोष्ट नीट केली, पुढे उपयोगी पडली.

अकरा दिवसांत 33 नोंदी झाल्या. सगळ्यांत एकच: त्याच झुडपावर, फार तर फांदी बदललेली. पाहुण्यांची भीती मोडली, मुलं लांबून त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागली. मीही खूश होतो. असं प्रकरण इतकं सुरळीत जातं तेव्हा माणूस स्वतःला हुशार समजायला लागतो.

तेराव्या दिवशी सकाळी झुडूप रिकामं. आजूबाजूला अर्धा तास शोधलं, दिसला नाही. "गेला ओहोळाकडे," असं मीच म्हणालो. दुपारी सुतळी सोडली, पाटी काढली.

आता मागे वळून पाहताना ही सगळ्यात ठळक चूक वाटते, आणि ती माझी आहे. 33 नोंदी, पण अंधार पडल्यानंतरची एकही नाही. निशाचर सापाचा हिशेब मी दिवसा मांडत बसलो होतो. मुळात तो पहिल्यांदा दिसला तोच रात्री नऊला, हेही विसरलो. दिवसा तो जिथे असतो ती बरेचदा त्याची झोपायची जागा. शिकारीची जागा त्याहून वेगळी असू शकते. अंजनीपासून चौदा पावलांवर पाण्याची टाकी होती. टाकी भरून वाहायची, ओघळाखाली अळू आणि कर्दळ माजलेली, आणि तिन्हीसांजेपासून तिथे बेडकांचा बाजार भरायचा. अकरा दिवस तो रात्री तिकडे येत-जात असणार. आम्ही बंद केली न्हाणीची वाट. टाकीची वाट उघडीच राहिली.

तेराव्या दिवसाची संध्याकाळ

सात वाजून वीस मिनिटं. वीज गेलेली. मावशी भांडी घासायला पाणी घ्यायला टाकीकडे गेल्या आणि नेहमीच्या अंदाजाने हात पुढे करून नळ चाचपला. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या मुळाशी झिणझिणीत कळ आली. त्यांना आधी गांधीलमाशी वाटली. वहिनींनी टॉर्च आणला तेव्हा नळाच्या वर, पाइपाला शेपटीने धरून, तपकिरी साप बसलेला. चावूनही जागचा हलला नव्हता.

पुढच्या दहा मिनिटांत बरं-वाईट दोन्ही झालं. धाकट्या भावाने मनगटाच्या वर करकचून दोरी बांधली. वहिनींनी ती सोडायला लावली, हे बरं. चापड्याच्या विषाचा मुख्य मारा दंशाच्या जागेवर, आसपासच्या मांसावर; आवळून बांधलं की विष तिथेच कोंडतं आणि रक्तपुरवठा तुटल्याने बोट गमावण्याचा धोका वाढतो. चिरा पाडला नाही, चोखलं नाही. ओढणीची झोळी करून हात स्थिर ठेवला. वहिनींनी दोन मीटरवरून सापाचे तीन फोटो काढले. साप मारून पिशवीत घालून न्यायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

बांगड्यांवर मात्र अडलं. मावशींच्या हातात हिरवा चुडा आणि बोटात चांदीचं वळं. नवरा जिवंत असताना चुडा उतरवायला त्या तयार होईनात. सुजेत बांगडी रुतली तर रक्त अडतं, हे सांगायला त्या क्षणी कोणाजवळ शब्द नव्हते. शेवटी वहिनींनी आपल्या हातातल्या दोन बांगड्या काढून मावशींच्या डाव्या हातात चढवल्या आणि मगच उजव्या हातातल्या काढू दिल्या गेल्या. वळं निघेना, ते दवाखान्यात कापावं लागलं. सर्पदंशाच्या प्रथमोपचाराच्या पत्रकात 'दागिने काढा' अशी एक ओळ असते. ती ओळ पाळायला इथे बारा मिनिटं लागली.

दवाखान्यातला पेच

प्राथमिक आरोग्य केंद्र 11 किलोमीटरवर. पोचायला आठ वाजून गेले. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण, पण गोंधळलेले नव्हते. बाई 'फुरसं चावलं' म्हणतायत, हात सुजतोय, आणि या जिल्ह्यात दंश म्हटलं की पहिला संशय फुरशावरच जातो. त्यांनी तसाच विचार केला आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

आपल्याकडे मिळणारं प्रतिविष चार सापांसाठी बनतं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापडा त्या चारांत नाही. शिवाय घोड्याच्या रक्तापासून बनलेल्या या औषधाची जोरदार, कधी जीवघेणी रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ते देताना अॅड्रेनलिन हाताशी ठेवावं लागतं. थोडक्यात, फुरसं असेल तर प्रतिविष जीव वाचवेल. चापडा असेल तर धोका पत्करायचा आणि पदरात काही नाही.

मी पावणेनऊला पोचलो. फोटो दाखवले. खळगा, पाइपाला घातलेला शेपटीचा विळखा, डोळ्यामागचा तुटलेला पट्टा. हा तोच साप होता. डॉक्टर म्हणाले, "मान्य आहे, चापडाच. पण रक्त गोठलेलं नाही. हे बघा."

वीस मिनिटांची रक्ताची चाचणी त्यांनी केली होती. ही चाचणी साधी आहे: दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपं करून बघायचं. गोठलं नसेल तर विषाने रक्त गोठण्याची साखळी तोडली असं धरायचं. चापड्याच्या विषातही रक्तावर परिणाम करणारे घटक आहेत, त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं टाकून देता येत नव्हतं. प्रतिविषाच्या कुप्या ट्रेमध्ये काढलेल्या होत्या.

पण रक्त प्लास्टिकच्या सिरिंजमध्येच ठेवलेलं होतं. काचेची नळी त्या घाईत हाताला लागली नव्हती. काचेचा पृष्ठभाग रक्त गोठण्याची प्रक्रिया सुरू करून देतो, प्लास्टिक देत नाही. धडधाकट माणसाचं रक्तही सिरिंजमध्ये वीस मिनिटांनी पातळ राहू शकतं. हे लक्षात आलं ते सिस्टरांच्या. त्यांनी स्वतःचंच रक्त काढलं, थोडं सिरिंजमध्ये ठेवलं, थोडं कपाटातून शोधून काढलेल्या परीक्षानळीत. मावशींचं पुन्हा घेतलं, काचेतच.

ती वीस मिनिटं लांबलचक होती. थांबायचं ठरवणं हा डॉक्टरांचा निर्णय, आणि तो सोपा नव्हता. हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत नव्हतं, लघवी स्वच्छ होती, रक्तदाब ठीक होता. या चार गोष्टींवर त्यांनी वीस मिनिटं उधार घेतली. निकाल: सिस्टरांचं सिरिंजमधलं रक्त पातळ, काचेतलं घट्ट. मावशींचं काचेतलं रक्तही घट्ट. कुप्या परत फ्रीजमध्ये गेल्या.

धनुर्वाताचं इंजेक्शन आणि दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिलं. रक्त पातळ करू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या मुद्दाम टाळल्या. विषाचा परिणाम उशिराही दिसू शकतो म्हणून 108 च्या गाडीने मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

निकाल

सकाळपर्यंत सूज कोपरापर्यंत चढली. बोटाच्या मुळाशी फोड आले. रक्ताची चाचणी ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा केली, प्रत्येक वेळी व्यवस्थित. लघवी मोजली, मूत्रपिंडं नीट चालतायत का हे कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं. नाकाड्या चापड्याच्या दंशात मूत्रपिंडं निकामी झाल्याची प्रकरणं केरळ आणि श्रीलंकेतून नोंदवलेली आहेत. मलबार चापड्याचा तो चुलतभाऊच, म्हणून ही खबरदारी. चौथ्या दिवशी मावशी घरी आल्या. बोट पुरतं वळायला सहा आठवडे गेले. या काळातला मजुरीचा रोज द्यायचा की नाही यावरून घरात बरीच वादावादी झाली. शेवटी दिला, पण मावशींना दोनदा मागावा लागला. लिहून ठेवतो, कारण अशा अहवालांत हा भाग कधी येत नाही.

साप? गावाचा दबाव आता वेगळाच होता. 'राहू द्या' म्हणण्याची पत मी घालवली होती. वनरक्षक आले, त्यांच्या देखत चापडा पकडून ओहोळाच्या पलीकडच्या काठावर, टाकीपासून सुमारे ऐंशी पावलांवर सोडला. त्याचा मुलूख सुटू नये आणि माणसांच्या हातापासून तो लांब जावा, अशी ही मधली वाट. नऊ दिवसांनी रात्रीच्या फेरीत तो पलीकडच्या काठावरच एका ओल्या खडकावर दिसला. डोळ्यामागचा पट्टा तसाच तुटलेला.

वेगळं काय करता आलं असतं

साप उचलून लांब न नेण्याचा पहिला निर्णय मी आजही बदलणार नाही. पण 'राहू द्या' म्हणताना राहणं म्हणजे काय, ते नीट पाहायला हवं होतं. पहिल्या तीन रात्री दर दोन तासांनी एक फेरी मारली असती तर टाकी आमच्या नकाशावर आली असती. साप दिसेनासा झाला त्या दिवशी सुतळी सोडायची नव्हती. दिसत असलेल्या चापड्यापेक्षा न दिसणारा जास्त सांभाळावा लागतो. आणि सूचना सगळ्या पाहुण्यांना दिल्या, मावशींना नाही. त्या रोज येणाऱ्या, त्यांना सगळं ठाऊकच असणार असं आम्ही गृहीत धरलं. अंधारात सगळ्यात जास्त हात त्यांचेच चालत होते.

टाकीचं वाहणं थांबवलं, अळू-कर्दळ काढली, नळ लांब पाइप लावून मोकळ्या जागेत आणला, शेजारी खुंटीला टॉर्च टांगला. आरोग्य केंद्रात परीक्षानळ्यांचा एक डबा आता प्रतिविषाच्या शेजारीच असतो. सिस्टरांनी त्यावर पट्टी चिकटवून 'काच' असं लिहिलंय.

मावशी परत कामावर आल्या. नळाकडे जाताना त्या पाइपावर दोनदा काठी आपटतात, मग टॉर्च मारतात. मी सांगून बघितलं, "मावशी, काठीने चापडा हलत नाही, तो तसाच बसतो. आधी टॉर्च." त्या म्हणाल्या, "ता त्येका सांगूक नाय, माका धीर येवक."